अख्खी कॅन ओतली

आमच्याकडचा माणूस निसर्ग पाहायला डोंगरात निघालो म्हणाला, तर आधी त्याची पिशवी बघावी. आत वांगी सापडतील. आम्ही जातो रोडगे खायला. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरायचे आणि ते भाजेपर्यंत झाडाला पाठ टेकून निसर्गाचं कौतुक करायचं. माझे रोडगे तर असे, की एकदा अभयारण्यातलं अस्वल वासावर खाली उतरलं आणि तूप नाही म्हणून रागावून परत गेलं. नांदुऱ्यात हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता मलाही त्या अस्वलाचा चेहरा आठवतो.

चैत्रातला तो रविवार मात्र घडला तसा सांगतो. थोडंफार इकडेतिकडे.

मी आणि आमच्या ऑफिसातले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, मोटारसायकलवर घाट चढून वरच्या टेकडीवर गेलो. माथ्यावर जाळरेषा होती. वणवा पुढे सरकू नये म्हणून वनखातं गवत काढून मोकळा पट्टा ठेवतं, ती. तिच्या पलीकडे अभयारण्य, अलीकडे आम्ही. गवत एवढं वाळलेलं, की शिंकायची भीती वाटावी.

जेवण जोरदार झालं. बडेबाबू तिथेच घोरायला लागले. ऊन मी म्हणत होतं. कॅनमध्ये उरलेलं सगळं पाणी मी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. निघताना राखेवर बुटानं चार लाथा माती ढकलली.

"विस्तो इझवला का बे?" बडेबाबूंनी किक मारत विचारलं.

"अख्खी कॅन ओतली! असा चिखल झाला, की म्हैस येऊन बसली."

तीन वाजता घरी आलो. बायकोसाठी एक रोडगा फडक्यात बांधून आणला होता. तिनं तो मोडला आणि हात झटकला.

"अवो, हा तं अजून आतून चटका देऊन राह्यला!"

मी हसलो. मग हसू थांबलं. विस्तवातून काढून, वारा खात, चाळीस किलोमीटर आलेला गोळा पोटात एवढा गरम. मग मातीखाली झाकलेल्या गोवऱ्या? गोवरी वरून पांढरी पडते, आतून जागी असते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याच जोरावर तर मी रोडग्यांचा उस्ताद होतो.

पंख्याखाली आडवा झालो. उठलो. पाणी प्यायलो. गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे पाहिलं. जो ढग दिसला तो धूर वाटला. परत खाली. शेवटी बडेबाबूंना फोन लावला.

"बडेबाबू, विस्तो मी इझवला नाई."

"मंग म्हैस कोठी बसली बे?" ते हसत सुटले, आणि हसता हसताच फोन ठेवला. साऱ्या जन्मात मी त्यांना पहिल्यांदा खरं सांगितलं होतं.

दोन कॅन भरल्या, गाडीला बांधल्या. तासाभराची वाट वीस मिनिटांत कापली असं लिहिणार होतो. पण मोताळ्याजवळ ट्रॅक्टरनं अडवलं, तासापेक्षा जास्तच लागला. वाटेत दोनदा धूर दिसला. एकदा वीटभट्टी, एकदा कुणीतरी पाचोळा जाळत होतं. तिसऱ्यांदा दिसला तो आमच्या टेकडीवर.

वर एक म्हातारी एकटीच कडुलिंबाच्या हिरव्या फांदीनं आग झोडपत होती. वनखात्यानं उन्हाळ्यापुरती ठेवलेली राखणदार.

"पाहून काय राह्यले, भाऊ? फांदी तोडा, हाना!"

कॅन गाडीलाच बांधलेल्या राहिल्या, फांदी तोडून हाणली. भुवया जळाल्या, डोळ्यांना धार लागली. ज्वाळा माझ्या उंचीच्या होत्या असं मी ऑफिसात सांगितलं. होत्या गुडघ्याएवढ्या, आणि तेवढ्याच पुरे झाल्या. आग विझली तेव्हा काळा पट्टा आमच्या चुलीपासून निघून जाळरेषेच्या चार पावलं अलीकडे थांबला होता. गवताच्या बुडाशी तितराची तीन अंडी फुटून पडली होती.

"कोठी चालले होते?" तिनं विचारलं.

"लग्नाले. खालून धूर दिसला. म्हटलं, लग्न राहो, जंगल वाचलं पाह्यजे!"

तिनं मला बोलू दिलं. नवरदेव वाट पाहतोय, इथपर्यंत बोलू दिलं. मग काठीनं राखेतून एक विसरलेला रोडगा उकरून काढला, फोडला, अर्धा मला दिला. "खा. मेहनत केली."

मी खाल्ला. ओवा जास्त झाला होता.

"लग्नात कणीक तुम्हीच मळली वाट्टे," ती म्हणाली.

मी नखांकडे पाहिलं. सकाळची कणीक तिथेच वाळली होती.

"पाणी डोक्यावर ओतून घेतलं," मी म्हणालो. "ऊन लागत होतं."

ती हसली नाही. "आता दोन्ही कॅना अठी ओता. मंग राखीत हात घाला. हात ठेवता आला, तं घरी जा."

पहिली ओतली. राख फुत्कारली. पहिल्यांदा बोटं घातली आणि ओरडलो. तिनं काठीनं गोवऱ्या फोडल्या. आत लाल होतं. ते फोडायचं, दुसरीतल्या पाण्यानं ओलं करायचं, पुन्हा हात. उन्हं उतरायला लागली. शेवटी हात मनगटापर्यंत आत गेला, मग कोपरापर्यंत. खाली ओली, गार राख.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "जा."

मी हात आतच ठेवला. आणखी थोडा वेळ.