वहिनीकडे जायचा घाट

आगरदांड्याच्या धक्क्यावरून सकाळची पहिली जंगलजेटी (गाड्यांसकट माणसांना पलीकडे नेणारी सपाट बोट) सुटली, तेव्हा खाडीवर इतकं धुकं होतं की पलीकडे दिघी आहे की नाही अशीच शंका यावी. मी गाडीत, स्टिअरिंगवर बसले होते. पुढे धुकं, मागे धुकं, मधे आमची चिमुकली निळी गाडी. चाकं जागच्या जागी होती आणि तरी आम्ही जात होतो. शेजारी माझे यजमान विलास मांडीवर वही घेऊन बसले होते. कुठे किती चढ, कुठे चार्जिंग, कुठे चहा, असं सगळं त्यांनी महिनाभर बसून लिहून काढलं होतं.

पांढऱ्या दाढीचे एक खलाशी चाचा काचेजवळ वाकले.

"ब्रेक लावलाय ना बाई? आवाजच न्हाय गाडीला. मला वाटलं बंद करून उतरलात."

"लावलाय, चाचा."

"निघालात कुठं?"

"ताम्हिणी चढून वर. माझ्या माहेरी."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांकडे पाहिलं. "बॅटरीची गाडी डोंगर चढंल?"

"चढेल म्हणतायत," मी विलासकडे बोट दाखवलं.

"चढंल, इन्शाल्ला," असं म्हणून ते धुक्यात शिरले आणि दोन पावलांत दिसेनासे झाले.

ही गाडी आमच्या घरी कशी आली ते सांगायला हवं. मुरुडला आमची नारळी-पोफळीची छोटी वाडी आहे आणि तिच्यात दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. मला लहानपणापासून गाडी लागते. थोडीथोडकी नाही, यष्टीच्या डिझेलचा वास आला तरी मळमळतं आणि पहिल्या वळणाला पोट वर येतं. माहेर घाटावरचं, सासर समुद्राकाठी आणि मधे ताम्हिणीची वळणं. लग्नानंतरची काही वर्षं मी कशीबशी जात होते. पुढे ते वाढतच गेलं, तेव्हा माझी वहिनी म्हणाली, "तू नको येऊस. मीच येत जाईन." माझी आई मी सात वर्षांची असताना गेली. दादाची बायको म्हणून आलेल्या वहिनीनेच माझी वेणी घातली, मला शाळेत धाडलं, माझं लग्न लावून दिलं. दरवर्षी भात झोडून झालं की ती नव्या तांदळाची पिशवी घेऊन यष्टीने खाली यायची, आठ दिवस राहायची, परत जायची. मला वर जायची गरजच उरली नाही.

गेल्या वर्षी वहिनीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. आम्ही भाड्याची गाडी करून निघालो. घाटाच्या मध्यावर मी गाडी थांबवायला लावली आणि उतरले. दगडी कठड्यावर बसले ती बसलेच. पुन्हा गाडीत पाय टाकवेना. विलासनी समजावलं, ड्रायव्हरने लिंबू दिलं. तासाभराने मीच म्हणाले, "मागं फिरवा." खाली विळ्याला आल्यावर मी दादाला फोन केला आणि सांगितलं, गाडी बंद पडली.

गाडी बंद पडली नव्हती. ते एक वाक्य वर्षभर मला टोचत होतं.

विलास वीजखात्यात वायरमन होते, आता निवृत्त झालेत. पावसाळ्यानंतर पुण्याची काही माणसं विजेची गाडी घेऊन आमच्याकडे राहिली आणि यांना चैन पडेना. ना धूर, ना वास, ना गिअरचे हिसके! हिला हीच गाडी मानवेल, असं यांनी ठरवून टाकलं. जुनी पण बरी गाडी शोधून आणली. मोठ्या हौसेने मला शेजारी बसवून काशिदपर्यंत नेलं आणि मी नेहमीपेक्षा जास्त ओकले. या गाडीचं पेडल सोडलं की ती आपोआप मंदावते आणि तेवढी वीज बॅटरीत परत जाते. यांना त्या विजेचं भारी कौतुक. यांचा पाय दर दहा पावलांवर वर-खाली, आणि त्याबरोबर माझं पोट.

परत येताना मी चिडून म्हणाले, "उठा, मीच चालवते." तरुणपणी मी लायसन काढलं होतं, पण गिअरच्या धास्तीने कधी चालवली नव्हती. इथे गिअरच नव्हता. काशिदपासून मुरुडपर्यंत सावकाश चालवत आणली. दारात गाडी लावल्यावर ध्यानात आलं, की मला काहीच झालं नव्हतं. वळण केव्हा येणार ते या खेपेला माझ्या हातांना आधी ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही वहिनीकडे जायचा घाट घातला.

दिघीला उतरलो तेव्हा धुकं वर उचलत होतं. म्हसळ्याकडे जाणारा रस्ता लहान लहान टेकड्यांमधून जातो. काजूची झाडं, सागाची मोठी पानं, कापलेल्या भाताचे पिवळे खुंट. गाडीला आवाज नसल्यामुळे मला त्या रस्त्याचे आवाज ऐकू येत होते. बुलबुल, दूर कुणीतरी लाकूड फोडतंय, बैलाच्या गळ्यातली घंटा. एका वळणावर भारद्वाज रस्ता ओलांडत होता. त्याला आमची चाहूलच लागली नाही. आपण ब्रेक दाबतो ते माणसांसाठी, असं मला आजवर वाटायचं. त्या तांबड्या पंखांच्या पक्ष्यासाठी मी थांबले, आणि तो मामलेदारासारखा सावकाश पलीकडे गेला.

माणगावला पोचलो ते चार्जिंगसाठी. विलासच्या वहीत तिथे लाल रेघ होती: इथे बॅटरी भरून घेतल्याशिवाय घाट नाही. हमरस्त्यावरच्या पंपामागे चार्जर होता, पण त्याचा दिवा विझलेला. शेजारच्या टपरीवाल्या बाईंनी पोह्यांवर खोबरं भुरभुरवत सांगितलं, "आज लाईट न्हाय. देखभालीचा वार हाय ना. चार वाजल्याबिगर येत न्हाय."

विलासनी कपाळावर हात मारला. "अख्खी नोकरी शटडाऊन घेण्यात गेली माझी," ते म्हणाले, "आणि वार विसरलो."

मला हसू आलं. चार वाजेपर्यंत थांबलो तर घाटात अंधार पडणार. अंधारात, पहिल्यांदा, मी चालवणार? परत फिरावं हा विचार माझ्या मनात इतक्या सहज आला की माझी मलाच भीती वाटली.

"परत नाही फिरायचं," मी मोठ्याने म्हणाले. विलासनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. मग ते रस्त्यावर जाऊन विजेचे खांब न्याहाळत उभे राहिले.

"निजामपूरच्या बाजूची लाईन दुसरीकडून येते. तिकडे वीज असणार. तू चालव, मी तारा बघतो."

अशी आमची गाडी तारांच्या मागोमाग निघाली. विलास खिडकीतून मान बाहेर काढून सांगत होते, "ही शेतपंपाची, ही सोड... ही बघ, ही!" ती तार एका भाताच्या गिरणीत शिरत होती. आत पट्टा घरघरत होता आणि दारातून पांढरी धूळ उन्हात तरंगत बाहेर येत होती. गिरणीच्या मालकीणबाई माझ्याच वयाच्या असतील. भुवयासुद्धा कोंड्याने पांढऱ्या झालेल्या.

"गाडी चार्ज करायचीय?" त्यांनी दोनदा विचारलं. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "मोबाईलसारखी?"

"तशीच. जरा जास्त वेळ लागेल."

"लावा की मग! मोटरीजवळ मोठा प्लग हाय." आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आत या बाई. उनात नका बसू."

नवा तांदूळ पडत होता त्याचा ऊबदार, गोडसर वास सगळीकडे भरला होता. त्यांनी नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कच्चा कांदा पुढ्यात ठेवला. जेवल्यावर मागच्या पडवीत बाज टाकून दिली. तुसाच्या (भाताच्या सालाच्या) ढिगावर ऊन पडून तो सोन्यासारखा दिसत होता आणि पट्ट्याची घरघर लांब लांब जात होती. मी झोपले. मला वाटलं, मी सात वर्षांची आहे आणि कुणीतरी सुपात तांदूळ पाखडतंय. जागी झाले तेव्हा मालकीणबाई खरोखरच पाखडत बसल्या होत्या.

"माहेरी कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"वहिनी. आजारी आहे. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेतून परत गेले मी. आणि खोटं सांगितलं."

अनोळखी बाईला हे मी का सांगितलं कोण जाणे. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग आज जा," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

तीन वाजून गेले होते. बॅटरी पुरती भरली नव्हती, पण विलास म्हणाले, पुरेल. विळे मागे पडलं आणि घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंनी झाडी जवळ आली, हवा थंडावली. मी पेडलवरचा पाय एकसारखा ठेवायचा प्रयत्न करत होते, पण वळणावर तो सुटायचाच. पाच-सहा वळणांनंतर बाजूने आवाज येईनासा झाला. पाहिलं तर विलासचा चेहरा कैरीसारखा हिरवट.

"अहो, काय होतंय?"

"काही नाही. जरा... थांबव."

गाडी थांबेपर्यंत ते दार उघडून बाहेर धावलेही. जन्मात ज्यांना कधी गाडी लागली नाही ते माझे यजमान रस्त्याकडेला वाकून उभे होते. मी पाठीवरून हात फिरवला, माझ्या पिशवीतली आवळासुपारी दिली, पाणी दिलं. ते कठड्यावर टेकले.

"दरवेळी तुला असं व्हायचं?"

"याहून जास्त."

त्यांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "मी तुला म्हणायचो, मनाचे खेळ आहेत," ते म्हणाले. "चुकलो."

तेव्हा मला तो कठडा ओळखू आला. गेल्या वर्षी मी इथेच बसले होते. तेव्हा समोर धबधबा होता, आता कोरड्या कातळावर फक्त एक काळी ओली रेघ होती. दरीत ऊन उतरत होतं आणि खालून ढगाची पातळ चादर वर येत होती. मला वाटत होतं, इथे आल्यावर पुन्हा गाडीत पाय टाकवणार नाही. टाकला. विलासना पुढे बघत राहायला सांगितलं, प्रत्येक वळणाआधी "डावं", "उजवं" असं म्हणत गेले, आणि आम्ही वर पोचलो. माथ्यावर हवेचा वास वेगळा होता. कारवीचा, शेणाचा, चुलीचा. माझ्या लहानपणाचा.

दादा अंगणात उभा होता. चालवत कोण आलंय ते तो वाकून वाकून पाहत राहिला. वहिनी ओट्यावर उशीला टेकून बसली होती. किती लहान झाली होती! मी तिच्याजवळ खाली बसले आणि आधी ते वाक्य काढून टाकलं.

"वहिनी, गेल्या वर्षी गाडी बंद नव्हती पडली. मीच अर्ध्या घाटातून परत फिरले. मला जमलं नाही."

तिने डावा हात उचलला. शब्द एकेक करून येत होते. "ठाव हाय. गाडी लागती... तुला. माझ्याच... पदरात... ओकायचीस."

आणि ती हसली, अर्ध्याच तोंडाने. दादा तोंड फिरवून गोठ्याकडे गेला. मी मात्र तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळेपणी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दादाच्या घरच्या प्लगवर रातोरात भरलेली गाडी अंगणात उभी होती. वहिनी गाडीकडे बोट दाखवत राहिली. झटका आल्यापासून ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नव्हती. दादाने तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, मागे दादा आणि विलास. इतकी सावकाश गाडी मी कधी चालवली नाही. जिथून कोकण दिसतं त्या कड्यावर आम्ही थांबलो. खाली डोंगरांच्या रांगा एकीपेक्षा एक फिकट होत गेल्या होत्या आणि शेवटची रांग आहे की धूर, ते सांगता येत नव्हतं.

"तुझं... घर?"

मी त्या धुराकडे बोट दाखवलं. दरवर्षी तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन ती या उतारावरून यष्टीने गेली होती, पण इथे थांबून तिने कधी पाहिलं नव्हतं. यष्टी कशाला थांबेल? ती पाहत राहिली. मग म्हणाली, "लांब हाय गं." माझ्या मनगटावर तिचा डावा हात होता, तो तिने कितीतरी वेळ काढला नाही.

पुढे आम्ही दोघंच मुरुडला परत निघालो, तेव्हा घाट उतरताना विलास मागच्या सीटवर डोळे मिटून आडवे झाले होते. मी पेडल सोडत होते आणि पडद्यावरची बॅटरी खरोखरच थोडी थोडी वाढत होती. ते कौतुक सांगायला त्यांच्यात त्राण नव्हतं, म्हणून मीच एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

आता महिन्या-दोन महिन्यांनी मी वर जाते. विलास कधी येतात, कधी येत नाहीत. वहिनीचं बोलणं फारसं सुधारलेलं नाही, सुधारेल असंही डॉक्टर म्हणत नाहीत. मुरुडहून तिच्या ओट्यापर्यंत अर्धा दिवस लागतो. इतकी वर्षं हा अर्धा दिवस ती एकटीच यष्टीत काढून येत होती आणि मी तो कधी मोजलाही नव्हता. हल्ली गेले की मी तिची वेणी घालते. केस विरळ झालेत, पेड जेमतेम होतात. ती डोळे मिटून घेते, आणि वेणी झाली तरी मी हात काढलेला तिला आवडत नाही.