नाव घेऊन बांधलेला पाय

हाडवैद्य जमुनाबाई राठोड यांचा आणि माझा पहिला परिचय भांडणातून झाला. घाटंजीच्या आठवडी बाजारात, बैलाने हिसका दिलेले सुजके मनगट घेऊन मी त्यांच्यापुढे बसलो. त्यांनी हात न लावता विचारले, "फोटो काढला काय?" फोटो म्हणजे एक्स-रे. मी भडकलो. फोटोच काढायचा असता तर तुमच्याकडे कायले आलो असतो, असे तोंडावर बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "आतमंदी काय झालं हे पाह्यल्याबिगर मी हात लावत नाई. घाई असंन तं दुसरा कोनी पाह्य."

तणतणत गेलो, फोटो काढून आणला. हाड शाबूत होते. मग त्यांनी मनगट असे काही बसवले की बाजार उठायच्या आत माझा राग आणि कळ दोन्ही उतरले. मीही नेर तालुक्यातल्या झाडपाल्याच्या घरातला. खरूज-नायट्याचे औषध आमच्याकडे वडिलांपासून आहे. त्या दिवसापासून त्यांच्या बंजारा तांड्यातल्या सगळ्यांसारखा मीही त्यांना 'याडी' म्हणू लागलो. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई.

पुढे बोगस डॉक्टरांविरुद्ध मोहीम निघाली. मोहीम योग्यच होती, पण सुक्याबरोबर ओले जळावे तसे झाले. बाजारात मुळ्या विकणाऱ्या आमच्या एका म्हाताऱ्या सोबत्याला गाठोड्यासकट दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले. दुसऱ्या दिवशी याडी आम्हां चार-पाच जणांना घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेल्या. साहेब भला माणूस. म्हणाले, आमच्या नोंदवहीत तुमच्यासाठी रकानाच नाही. त्यावर याडी म्हणाल्या, "आमी डाक्टर हाओ असं आमी कुठी म्हनून राह्यलो? पन सायेब, आमी काय हाओ ते तं लिवा."

साहेबांनी चहा पाजला. त्या चहावर आमच्या संघटनेचा जन्म झाला. याडी अध्यक्षा झाल्या आणि मी सचिव, कारण मोटारसायकल माझ्याकडेच होती.

एक संस्था पारंपरिक उपचार करणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, असे आम्हांला कळले. ते हाती आले तर आपल्या वेगळ्या नोंदणीची मागणी सरकारपुढे जोर धरील, असा याडींचा विचार. खटपट करून परीक्षक आणले. आणि आमचे एकाहून एक वैद्य त्यांच्यापुढे मुके झाले. औषध कशाचे, असा प्रश्न आला की प्रत्येकाची दातखीळ. आमच्यात रीतच तशी आहे. वनस्पतीचे नाव उच्चारले की तिचा गुण जातो. मुळी उपटायला जातानासुद्धा कोणी बोलत नाही, आणि नाव मुलाला सांगायचे ते अंथरुणाला खिळल्यावर. सगळे नापास झाले. त्यात मी होतो आणि याडीही होत्या.

बाकीचे सुटल्यासारखे घरी गेले. याडींनी महिनाभरात सर्वांना तांड्यावर बोलावले. तांड्यातल्या एका शेळीचा पाय मोडला होता. याडींनी तिला मधोमध आडवी घेतली, पदराखालून वेल काढली आणि सर्वांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "हे कांडवेल हाय. माह्या सासूनं मले मरताना सांगतलं. आज मी जितेपनी सांगून राह्यली. आता पाहू गुन जाते का राह्यते."

सासूचा शब्द मोडणे त्यांना सोपे गेले नाही. तिकडे आमचे तीन हाडवैद्य एकमेकांची तोंडे बघत होते. तिघांच्याही घरी पिढ्यान्‌पिढ्या लपवलेले औषध तेच निघाले, आणि तिघे त्यावरून आयुष्यभर एकमेकांवर पाळत ठेवून होते.

पुढचे काही आठवडे आमच्यातला जो तो काहीतरी निमित्त काढून शेळी बघायला येई. पट्टी सुटली. शेळी उठली, जरा लंगडली, आणि एके सकाळी नायकांच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियांच्या, तुरीत शिरून तिने मनसोक्त चरून घेतले. नायक काठी घेऊन मागे धावले, पण शेळी काही हाती लागेना. तांडा हसून लोटपोट झाला. याडी मात्र रडत होत्या.

पुढच्या परीक्षेत आमची माणसे बोलली. याडींना विचारले, कशाला हात लावत नाही? त्या उत्तरल्या, "हाड बाहीर आलं असंन, मानीले लागलं असंन, तं मी सीधी यवतमाळले धाडतो." आमच्यातल्या बहुतेकांना प्रमाणपत्रे मिळाली. मी त्याही खेपेला पडलो. याडींनी एवढेच म्हटले, "काहून तोंड पाडतं, भाऊ? पुना बस." बसलो, पास झालो.

माझी पत्नी यवतमाळच्या दवाखान्यात होती तेव्हा याडी बसने भाकरी घेऊन आल्या. औषधाचा शब्द काढला नाही. तिच्या डोक्याला तेल लावले, वेणी घातली आणि बाहेर येऊन मला दटावले, "डाक्टर सांगते तसंच कर." तो दिवस मी विसरणार नाही.

प्रमाणपत्रे आली तरी नोंदणीचा रकाना अजून निघालेला नाही. सरकारी दवाखान्याच्या दारात आमचा माणूस अजून चोरासारखा उभा राहतो. याडींनी पंचाहत्तरी गाठली तरी निवेदन घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत त्या स्वतः जातात, आणि 'पुढच्या महिन्यात या' म्हटले की पुढच्या महिन्यात खरोखरच हजर होतात. आता शिपाई त्यांना आपणहून खुर्ची देतो.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाचे सांगायला गेलो तेव्हा त्या पाटा घेऊन वेल वाटत होत्या. सर्वांना तुमच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करायची आहे, असे म्हणताच त्यांनी वरही न पाहता सांगितले, "काई मागू नका. रकाना निघत नाई तवरोक मी मरत नाई."

याडी बोललेला शब्द पाळतात, हे जिल्हा जाणतो. म्हणून आम्हां सर्वांचे मागणे वेगळे आहे. तो रकाना लवकर निघावा, त्यात पहिले नाव याडींचे लागावे, आणि त्यानंतर आपण असे काही बोललो होतो, हे त्यांनी साफ विसरून जावे.