कडावाले काका

आमच्या ह्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून जागच्या जागी बसवतील, पण घरात वावरताना दाराला खांदा आपटतील, शेजारी ठेवलेला पाण्याचा पेला सांडतील. ‘वेंधळेपणाला औषध नाही,’ मी म्हणायचे. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची. माझे सासरे शेवटची वर्षं भिंती चाचपडत वावरले, आणि त्यांना हाताला धरून न्यायचं काम ह्यांचं. आपलंही तसंच झालं तर, ही भीती मनात घर करून बसलेली. म्हणून रोज दुकान उघडलं की भिंग डोळ्याला लावून सगळ्यात बारीक चाकाचे दात बघायचे. दिसले की जीव भांड्यात. डॉक्टरकडे चला म्हटलं की, ‘अगं, दात दिसतात ना,’ हे पालुपद ठरलेलं.

दुसरं वेड सिनेमाचं. तोही चारचौघं बघतात तो नव्हे. वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी बिनपैशांचे सिनेमे दाखवतात. पोरंपोरी उसना कॅमेरा आणतात, मावशी-काकांना स्वतःच्याच घरात उभं करतात आणि खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात सिनेमा काढतात. ना गाणी, ना मारामारी. एक बाई तासभर मोजे रफू करते आणि संपतं. हे पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर गेले, ते मग शनिवार चुकवेनात. जेवताना मला शिकवायचे. सुरुवातीला म्हणे दिवे आणायची ऐपत नव्हती म्हणून चित्रं अंधारी असायची. पुढे त्यातच गोडी लागली, आता दिवे मिळाले तरी लावत नाहीत. मध्येच शेजारचं भांडण ऐकू आलं तर तेही तसंच ठेवतात. ‘आपल्यासारखी माणसं असतात गं त्यात,’ म्हणायचे. आपल्यासारखी माणसं बघायला जिना कशाला चढायचा, ते मला काही उमगलं नाही. पण परत यायचे ते खुशीत, म्हणून मीही फार बोलत नसे.

तिथला एक नेम आहे. सिनेमा संपला की दिवा लावून गोल बसायचं आणि प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. चांगला-वाईट म्हणायचं नाही, आणि दुसऱ्याला दिसलेलं खोडायचं नाही. एकदा ह्यांनी सांगितलं, ‘हल्ली ही मंडळी चित्राच्या कडा काळ्या ठेवतात. माणूस मधे, भोवती काळोख.’ मंडळ चालवणारे प्राध्यापक म्हणे डोळे मिटून ‘वा’ म्हणाले. तसं कुणालाच दिसलं नव्हतं, पण खोडणार कोण? आणि आपल्याला दिसलं नाही हे चारचौघांत कबूल तरी कोण करणार? पुढच्या शनिवारी आणखी दोघांना कडा काळ्या दिसल्या. ह्यांचा काळोख वाढत गेला तसा ह्यांचा मानही वाढला. मंडळात त्यांना ‘कडावाले काका’ म्हणायला लागले.

मग एकदा त्याच जिन्यावर पायरी चुकून पडले. म्हणून पुढच्या शनिवारी मी सोबत गेले. सिनेमा एका भाड्याच्या खोलीतला. मधे टेबलाशी नवरा-बायको भांडत होते, आणि डावीकडे पार कडेला एक म्हातारी सगळं ऐकत बसली होती. शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला भडभडून आलं. दिवा लागला, ह्यांची पाळी आली.

‘दोघंच माणसं,’ हे म्हणाले, ‘आणि त्यांचं ऐकायला घरात तिसरं कुणी नाही.’

‘अहो, ती म्हातारी?’ मी म्हटलं.

‘कुठली म्हातारी?’

‘काकू,’ प्राध्यापक हळूच म्हणाले, ‘इथे खोडायचं नसतं.’

‘खड्ड्यात गेलं तुमचं खोडणं. तुम्हाला ती दिसली की नाही, तेवढं सांगा.’

सगळे खाली मान घालून बसले. मग एक मुलगी ‘दिसली’ म्हणाली. तिच्या शेजारचा म्हणाला. एकेक करत सगळ्यांना दिसली होती. हे ज्याच्या त्याच्या तोंडाकडे मान वळवून बघत होते.

घराच्या दाराशी आल्यावर हे म्हणाले, ‘मग मी इतकी वर्षं बघितलं काय?’ सोमवारी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला. ह्यांनी चाकाच्या दातांचं सांगितलं. ‘काचबिंदू कडेकडून खात येतो,’ त्या म्हणाल्या. ‘मधलं शेवटपर्यंत राहतं. तुम्ही रोज तेवढंच तपासत होतात.’ गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाचे थेंब घालून राखायची. किती उरली ते आता बघायचं होतं.

त्या समोर बसल्या. ह्यांना एक डोळा तळहाताने झाकायला लावला. ‘माझ्या नाकाकडे बघा. मी बाजूने बोटं हलवत आणते. दिसली की हो म्हणा.’

हे ताठ बसले. मी मागे उभी होते. बाईंनी हात लांब धरला आणि बोटं हलवत हलवत आत आणायला लागल्या. ह्यांच्या कानाच्या रेषेत आली. हे गप्प. खांदा ओलांडून पुढे आली, गालासमोर आली. म्हणा, अहो, हो म्हणा, असं माझं मनातल्या मनात चाललेलं.

‘करा ना सुरू, डॉक्टर,’ हे म्हणाले.