देसाई सरांचा न उगवणारा बॅक्टेरिया

आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये बॅक्टेरियांपेक्षा किस्सेच भराभर वाढतात. बॅक्टेरियांना निदान प्लेटमध्ये जेली ओतून द्यावी लागते, किश्श्यांना दुपारचा चहा पुरतो! आणि त्यातले निम्मे किस्से देसाई सरांचे. भिवंडीत बसून समुद्राचा अभ्यास करणारा माणूस म्हटल्यावर दुसरं काय होणार?

सरांचा विषय समुद्री स्पंज. खडकाला चिकटून बसणारा प्राणी. ना डोळे, ना पाय. पण त्याच्या अंगात बॅक्टेरियांची अख्खी वस्ती असते. ते त्याच्याकडे राहतात आणि बदल्यात त्याला खाऊ घालतात, शत्रूंपासून जपतात. "स्पंज कमी, भाडेकरू जास्त," असं सर म्हणायचे. त्यातला एक भाडेकरू मायक्रोस्कोपखाली छान दिसायचा, पण प्लेटवर काही केल्या उगवायचा नाही. सर अख्खी नोकरी त्याच्या मागे होते, आणि या मे महिन्यात रिटायर होणार होते.

*

सर परवानगीचे कागद खिशात घालून कोकण किनाऱ्यावर जायचे आणि बर्फाच्या डब्यातून स्पंजचे तुकडे आणायचे. एकदा रिक्षावाल्याने नाक दाबत विचारलं, "चाचा, मच्छी सड़ गई क्या?"

"मच्छी नहीं, स्पंज है."

"बर्तन घिसने वाला?"

"उसका बाप!"

रिक्षावाला कॉलेजच्या गेटपाशी गाडी थांबवून म्हणाला, "तो एक टुकड़ा दे दो ना चाचा, बीवी खुश हो जाएगी!"

*

आमचे लॅब अटेंडंट भोईर मामा. राहनाळहून सायकलवर येतात. माणूस सोन्यासारखा, पण स्वच्छतेचा भारी सोस. एकदा मामांनी सरांच्या महिनाभर जपलेल्या प्लेट्स उकळून, धुऊन, ओळीने वाळत टाकल्या.

"मामा, अहो काय केलंत हे!" मी ओरडलेच.

"मॅडम, त्यांच्यात काय बी नव्हतं. रिकाम्या होत्या."

सरांनी कपाळाला हात लावला, पण मग मामांना शेजारी बसवून चहा दिला आणि समजावलं, "मामा, दिसतंय ते टाका. दिसत नाही ते जपा."

मामांनी हे अगदी मनावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात बीएस्सीच्या प्रॅक्टिकल परीक्षेसाठी मी वाढवलेल्या सगळ्या प्लेट्स कचऱ्यात! मी रडकुंडीला आले, तर मामा शांतपणे म्हणाले, "सरांनीच सांगितलाय. तुमच्यात लय दिसत व्हतं."

*

सायमा ही सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. तिच्या अब्बांचा कामतघरला कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. आपली पोरगी नक्की करते काय, हे बघायला अब्बा एकदा स्वतः आले. सरांनी मोठ्या कौतुकाने त्यांच्या हातात प्लेट दिली. अब्बांनी ती उजेडात धरली, उलटी केली, चष्मा वर करून पाहिली.

"सर, ये तो खाली है."

"हो, खालीच आहे."

"मग पोरगी दिवसभर करते काय?"

"वाट बघते."

अब्बांचा चेहरा एकदम उजळला. "अच्छा! लाइट गेली की आम्ही पण तेच करतो!"

*

काकू गेल्यापासून सर घरी एकटेच. मुलगा-सून नाशिकला. सर फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, त्यामुळे घरातलं सगळं लॅबला पाठ. सूनबाई दर वेळी विचारायच्या, "बाबा, रिटायर झालात की इकडेच येताय ना?"

"माझा बॅक्टेरिया उगवला की येतो."

"आणि नाही उगवला तर?"

"तर इथेच आहे की मी! मला एकट्याला काही अडत नाही."

हिवाळ्यात तेच सर तापाने फणफणलेले कॉलेजात आले. मी रागावले, "सर, घरी ताप तरी बघायचात!"

"थर्मामीटर वाचायला चष्मा लागतो," सर म्हणाले, "आणि चष्मा शोधायला माणूस लागतं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मामांनी घरून पेज आणली आणि सर ती वाटीभर प्यायले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

*

एप्रिलमध्ये सायमा अब्बांना कारखान्यात डबा देऊन तशीच लॅबमध्ये आली. ओढणीला लूमवरचं कापसाचं तूस चिकटलेलं. त्यातलं चिमूटभर उघड्या प्लेटमध्ये पडलं, तिला कळलंही नाही. थोड्या दिवसांनी प्लेटवर पिवळाधमक ठिपका!

कंटॅमिनेशन, म्हणजे बाहेरचा जंतू प्लेटवर! आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. सायमा रडायलाच लागली. 'प्लेटवर दुसरा कुणी नको' हा सरांचा जन्माचा नियम. सर प्लेट घेऊन खिडकीपाशी गेले. आम्ही ओरडा खायच्या तयारीत. पण ओरडा आलाच नाही.

"मॅडम," त्यांनी मला हळूच हाक मारली, "जरा बघा हो. मला दिसतंय ते खरं आहे का?"

पिवळ्या ठिपक्याला अगदी खेटून मोहरीहून बारीक पांढरे ठिपके होते. मायक्रोस्कोपखाली ठेवले. तोच तो, हट्टी भाडेकरू!

*

सरांचा विश्वास बसेना. दोघांना वेगवेगळ्या प्लेटमध्ये लावलं. पिवळा उगवला, हा नाही. पुन्हा शेजारी लावलं, उगवला. पिवळ्यातून झिरपणारं काहीतरी याला हवं होतं, जे त्याला स्वतःला बनवता येत नव्हतं. मे महिना उजाडायच्या आत सगळं पक्कं झालं. मामांनी पेढे आणले. अब्बा तर कॉलर ताठ करून सांगत होते, "तूस आमच्या कारखान्याचं हाय, सर!"

सर मात्र प्लेट समोर घेऊन नुसते बसले होते.

सायमाने विचारलं, "सर, आता याला एकट्याला वाढवायचा प्रयत्न करू या?"

"कशाला त्रास देतेस त्याला?" सर म्हणाले. मग त्यांनी फोन काढला. नेहमीसारखा स्पीकरवर. सूनबाईंनीच उचलला.

"काय बाबा, आज कॉलेजच्या वेळेत फोन? बरं आहे ना?"

"बरा आहे गं. मला एवढंच विचारायचं होतं, तुमच्याकडे सकाळचा चहा किती वाजता होतो?"