खेमीबाईचं अंगण

आमच्या ले-आउटात सगळ्यात आधी राहायला कोण आलं, हा विषय निघाला की केशवराव वकील पानाचा डबा उघडून त्यात काहीतरी शोधायला लागत. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. खेमीबाई आली. फाळणीत सिंधमधलं शिकारपूर सोडून ती आणि तिचा नवरा गेहीमल अमरावतीला उतरले. गावाबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याकडेला, सरकारने दाखवलेल्या माळावर चार सिंधी कुटुंबांसोबत टिनाची खोली ठोकून बसले. तेव्हा तिथे बाभळी होत्या आणि कोल्हे होते. वकील, प्रोफेसर आणि माझ्यासारखे मास्तर बऱ्याच वर्षांनी आले. आम्ही प्लॉट पाडले, बंगले उठवले, फाटकावर नावाच्या पाट्या लावल्या, आणि मग आमच्या लक्षात आलं की समोरच्या टिनाच्या खोल्या फार वाईट दिसतात.

गेहीमल सायकलीवर कापडाचे तागे बांधून दर्यापूरकडच्या खेड्यांत फिरे. घरापुढचं दुकान खेमीबाई चालवी. सुईदोऱ्यापासून घासलेटापर्यंत सगळं तिच्याकडे मिळे. आमच्या बायका तिथूनच सामान आणत आणि घरी येऊन तिच्या बोलण्याची नक्कल करत. वऱ्हाडी ती भाजीवाल्या माळणींकडून शिकली होती, त्यामुळे तिची भाषा ऐकून पुण्याच्या पाहुण्यांना घाम फुटे.

एकदा मी तिला म्हणालो, "खेमीबाई, तुमचा दीर उल्हासनगरले बोलावते म्हणे. तिथं तुमचे सगळे लोक आहेत. जात काहून नाही?"

"मास्तर, एकडाव घर सोडलं," ती तराजूवरून मान न उचलता म्हणाली. "तवा मागे कुलूप लावून आली मी. किल्ली अजून हाय, घर नाही. आता मले सामान बांधाले नका सांगू. चहापत्ती किती देऊ?"

नेमकं तेच सामान तिला बांधायला लावायचं केशवरावांनी मनावर घेतलं होतं. जागा सरकारने दाखवली होती, पक्की करून दिली नव्हती. वकिलाला एवढी फट पुरते. ले-आउटाची शोभा, मुलाबाळांचं आरोग्य, रस्त्याची रुंदी, असं सगळं बोलून त्यांनी नगरपालिकेच्या साहेबांना पाहणीसाठी राजी केलं. साहेबांनी होकार दिला की खोल्या रेल्वेच्या पलीकडे जाणार होत्या. खेमीबाईला हे कळलं. तिने कोणाकडे रडगाणं गायलं नाही. फक्त अंगण रोजच्यापेक्षा जास्त झाडायला लागली.

आता हे अंगण म्हणजे काय, ते सांगतो. बंगल्यांची कामं संपता संपत नव्हती. एकाचा स्लॅब झाला की शेजारच्याचा पाया खणायला सुरुवात. चुना आणि मुरूम सगळ्यांच्या गच्च्यांवर उडे. पहिल्या उन्हाळ्यात वकिलीणबाईंनी, म्हणजे माणिकबाईंनी, गच्चीवर कुरडया घातल्या. त्यातली एक तळून केशवरावांच्या ताटात पडली. त्यांनी चावली, थांबले, आणि म्हणाले, "ही कुरडई आहे की शेजाऱ्याची भिंत?"

शिवाय गावातल्या जुन्या गल्लीत पापड लाटायला दहा घरच्या बायका आपोआप जमायच्या. इथे कुंपणं आडवी आली. माणिकबाई एकट्याच पिठाचा गोळा कुटत बसायच्या. पुढच्या उन्हाळ्यात खेमीबाईने ते फाटकातून पाहिलं. तिच्या मुलखात शेजारीण पापडाला बसली की बोलावणं लागत नाही. ती लाटणं घेऊन सरळ आत शिरली.

माणिकबाईंचं सोवळं कडक. त्या जरा मागे सरकल्या. पण लाट्या सुकायला लागल्या होत्या. शेवटी पाट आपला, पीठ आपलं, लाटणं तेवढं तिचं, अशी त्यांनी मनाशी तडजोड केली. खेमीबाईने पापड असा लाटला की पाटाचा रंग खालून दिसावा.

"वाळू कुठं घालता?" तिने विचारलं.

"गच्चीवर. दुसरी जागा कुठं आहे?"

"गच्चीवर चुना उडते. माझ्या अंगणात आणा. सारवेल हाय, पाणी मारेल हाय. खाटा बी हाय."

त्या वर्षी माणिकबाईंचे पापड तिथे वाळले. दुसऱ्या वर्षी प्रोफेसरीणबाईंचे सांडगे गेले, मग आमच्या घरच्या शेवया. केशवरावांना याचा पत्ता नव्हता. उन्हाळ्यात कोर्ट सकाळचं. दुपारी घरी आले की जेवून वाळ्याच्या ताटीआड झोपायचे. ते उठायच्या आत पापड डब्यात.

आणि याच गृहस्थाने, सकाळी कोर्ट असतं म्हणून, साहेबांना मे महिन्याच्या भर दुपारची वेळ दिली. घरी बोलले नाहीत. बायकांच्या कानावर गेलं की गावभर होतं, असं त्यांचं मत होतं.

साहेब टोपी सावरत आले. केशवराव पुढे, मी मजा बघायला मागे.

"बघा, रस्त्याकडेला खाटा," केशवराव लांबूनच हात करून म्हणाले. "आपलं काहीबाही उन्हात पसरून ठेवतात. अत्यंत अस्वच्छ प्रकार."

साहेब पहिल्या खाटेशी वाकले. पांढऱ्या धोतरावर पापड ओळीने मांडलेले. "स्वच्छ तर दिसतात. कोणाचे हे?"

खाटेपलीकडे डोक्यावर पदर घेऊन, कावळे हाकायची काठी धरून एक बाई बसली होती. तिने तोंड वर केलं. माणिकबाई.

"आपलेच," त्या नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या. "आणि धोतरही तुमचंच आहे."

केशवरावांनी दुसऱ्या खाटेकडे पाहिलं. तिथे प्रोफेसरीणबाई. तिसरीपाशी माझी बायको अनसूया, शेवया उलटत. साहेबांनी प्रत्येकीला विचारलं आणि प्रत्येकीने आपल्या बंगल्याकडे बोट केलं.

"खेमीबाईला हलवणार का?" माणिकबाईंनी साहेबांनाच विचारलं. "मग वाळवणाचं काय करायचं तेही सांगून जा."

खेमीबाई दारात उभी होती. हाताची घट्ट घडी, चेहरा उतरलेला. "साब, मी काही सांगत नाही," ती म्हणाली. "जे हाय ते समोर हाय."

साहेबांनी खोल्यांच्या ओळीवरून एक चक्कर मारली. मग म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही बगीच्याला जागा सोडली, देवळाला सोडली. दुकानाला कुठं सोडली? लोक सामान आणतात कुठून?"

केशवराव खाली पाहत म्हणाले, "इथूनच."

"मग ही ओळ पक्की करून देण्याची शिफारस करतो मी."

शिफारस मान्य झाली. पावसाळ्यानंतर टिनाच्या जागी विटा चढल्या. गेहीमलने फेरी सोडून तिथेच कापडाचं दुकान मांडलं. नांदगाव खंडेश्वरचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला त्याच्याकडे यायला लागले. उल्हासनगरचा दीर एकदा येऊन पाहून गेला. परत त्याने बोलावलं नाही.

आमच्या ले-आउटाला समितीने ठराव करून एक भारदस्त नाव दिलं. संगमरवरी पाटीही बसवली. ते नाव एकाही टांगेवाल्याला माहीत नाही. परवा केशवराव स्टेशनवरून व्याह्यांना घेऊन येत होते. टांगेवाल्याला त्यांनी दोनदा ते नाव सांगितलं, मग खालच्या आवाजात म्हणाले, "अरे बाबा, खेमीबाईच्या दुकानापाशी."

टांगा सरळ दारात आला.