पार्सल खर्च वेगळा

मी आता ग्रुपवर झाडाचा फोटो टाकला की खाली सगळं लिहून टाकते. झाडाची किंमत अमुक. पार्सल खर्च वेगळा, तो घेणाऱ्याचा. पैसे आधी. झाड मुळं धुऊन, विनामातीचं येईल. वाटेत कुजलं तर डबा उघडतानाचा व्हिडिओ दाखवा, दुसरं देईन. परवा युसूफ वडगाव या गावातल्या एका बाईचा फोन आला. त्यांना माझ्याकडचं लाल फूल हवं होतं. म्हणाल्या, "ताई, राग नका मानू, पण तुमी लई कडक लिहिता. आपल्या आपल्यात एवढं कशाला?" मी म्हटलं, आपल्या आपल्यात आहे म्हणूनच. त्यांना ते लागलं असावं. झाड त्यांनी घेतलंच नाही.

लागू दे. मलाही लागलंय.

आमचं घर दिंद्रुडला. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तोटा नाही. त्या बादल्यांना तळाशी भोकं पाडून मी गच्चीवर अडेनियम लावते. जाड बुंध्याचं, गुलाबी-लाल फुलांचं झाड. त्याला पाणी कमी लागतं आणि ऊन भरपूर. आमच्याकडे यातलं पहिलं नसतं आणि दुसरं मोजायची सोय नाही, म्हणजे झाड आमच्यासाठीच जन्माला आल्यासारखं. शेजारणी म्हणतात, खायला ना प्यायला, काय उपयोग? मी म्हणते, तुमच्या टीव्हीचा काय उपयोग?

या झाडाच्या नादिष्ट लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. कुठकुठचे लोक, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. बिया, काड्या, रोपं इकडून तिकडे जातात. आणि पैशाचा विषय निघाला की सगळ्यांची दातखीळ बसते. आठवडी बाजारात मेथीच्या जुडीवर घसा कोरडा करणारी माणसं इथे कमालीची भिडस्त होतात. घेणारा विचारतो, "कसं करायचं?" देणारा म्हणतो, "घ्या हो, तुमच्या मनानं द्या." मग घेणारा मनाला येईल ते पाठवतो आणि देणारा ते गिळतो. गावात हे चालतं. समोर तोंड दिसतं, आणि आज कमी दिलं तर उद्या माणूस शेतातली बोरं, हुरडा काहीतरी आणून देतोच. पार्सलाच्या डब्यात तोंड दिसत नाही.

त्या ग्रुपवरच मला दादा भेटले. मूळचे नांदूरघाटचे, नोकरीपायी पुण्याला गेलेले आणि निवृत्त होऊन तिथेच राहिलेले. कलम करण्यात त्यांचा हात धरणारा ग्रुपमध्ये दुसरा नव्हता. ग्रुपवर ते अगदी छापील मराठी लिहायचे, पण मला फोन केला की पहिल्या वाक्यात गावाकडे यायचे. "काय म्हनती ताई तुमची गच्ची?" मी एवढ्यावरच विरघळायची. माती कशी करायची, मुळं कधी कापायची, बियांच्या शेंगा फुटून उडून जाऊ नयेत म्हणून त्यांना दोरा कसा गुंडाळायचा, सगळं मला त्यांनी शिकवलं. एकदा म्हणाले, "आमाला बहीन न्हाई. तुमी हाय." मला सख्खा भाऊ नाही. त्यानंतर मी त्यांना दरवर्षी राखी पाठवू लागले, बियांच्या पुडीबरोबर. ते राखी बांधल्याचा फोटो पाठवायचे, मनगट आणि मागे झाडं.

माझ्या बियांतून आलेल्या एका रोपाला फूल आलं तेव्हा मी सकाळी गच्चीवर एकटीच ओरडले होते. पाकळी ताकासारखी फिकट आणि कडेला बारीक, सरळ, जांभळी किनार. इरकलीच्या काठासारखी. असं फूल मी कुठे पाहिलं नव्हतं. झाडही वेगळंच होतं. त्याची बादली एका बाजूने तडकलेली होती आणि बुंधा त्या फटीकडे वळून वाढला होता, कुणी खिडकीतून वाकून रस्त्यावर बघावं तसा. नवरा त्याला "भोचक" म्हणायचा. मी फोटो टाकला आणि ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय निघाला नाही. "काडी मिळेल का?" असं जवळजवळ प्रत्येकाने विचारलं.

संध्याकाळी दादांचा फोन आला. म्हणाले, "ताई, कुनाला काडी देऊ नका. असं झाड एकच असतंय. पावसाळा लागलाय, गच्चीवर बुंधा सडला तर संपलं सगळं. माझ्याकडं धाडा. शेड हाय, वरून प्लॅस्टिक हाय. मी कलमं बांधतो. तुमचं झाड तुमाला, वर चार कलमं बी तुमाला."

त्याच वेळी विचारायला हवं होतं. पार्सल कुणाच्या खर्चाने? झाड परत कधी? कलमं विकायची की नाही, आणि विकली तर कुणी? हे सगळं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि ते ओठांवर आणायची मला लाज वाटली. भावाला अटी घालायच्या?

नवरा म्हणाला, "कावून धाडतीस बे एवढं मोठं झाड? काय ठरलंय?" 'बे' हा त्याचा दुकानातला शब्द, चिडला की घरात येतो.

"ठरवायचंय काय? दादाच आहेत."

"सख्ख्या चुलत्याला सिमेंटची गोणी मी बिलावर देतो."

"म्हणूनच चुलते घरी येत नाहीत," मी म्हटलं. तो चपला घालून दुकानात गेला. तेव्हा मला आपण जिंकलो असं वाटलं होतं.

मी झाड बादलीतून काढलं, मुळं धुतली, सावलीत वाळवली. फांद्यांमध्ये कागदाचे बोळे भरले, बुंध्याला जुन्या साडीचा पट्टा गुंडाळला. राखी पौर्णिमा जवळ आली होती, म्हणून डब्यात राखी ठेवली आणि हळदी-कुंकवाची पुडी. माजलगावच्या कुरिअरवाल्याने विचारलं, "आत काय? किंमत काय टाकू?" मी हसून म्हटलं, "झाडाची कसली किंमत? घरातल्या घरात आहे." त्याने खांदे उडवले. पार्सलाचे पैसे मीच भरले.

झाड सुखरूप पोचलं. दादांनी राखीचा फोटो पाठवला, मागे माझा भोचक नव्या कुंडीत बसलेला. आणि पौर्णिमेच्या दिवशी माझ्या फोनवर त्यांच्याकडून पैसे आले. बऱ्यापैकी होते. सोबत एक अक्षर नव्हतं, नुसते पैसे.

आता सांगा, राखीच्या दिवशी भावाकडून पैसे आले तर बाई काय समजेल? मी ते देवापुढे ठेवले, म्हणजे फोनच ठेवला देवापुढे, आणि नवऱ्याला म्हटलं, "बघ, चुलत्यांना बिल देणाऱ्या माणसा. ओवाळणी आली." ओवाळणी कशाबद्दल आणि कमी का जास्त का, हे कुठलीच बहीण विचारत नाही. मी त्या पैशांची एक साडी घेतली आणि दिवाळीला नेसले. फोटोही पाठवला त्यांना. "लई भारी," असं उत्तर आलं.

कलमांचं विचारलं की ते म्हणायचे, धरतायत, घाई नको. थंडीत म्हणाले, पानगळ चालू आहे. मग फोन उचलेनासे झाले. मी स्वतःची समजूत घालत राहिले की तब्येत बरी नसेल, सुनेकडे गेले असतील. उपाससुद्धा धरला होता मी एक, त्यांच्या नावाने. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

उन्हाळ्यात, दुपारी पापड वाळत घालून खाली आले आणि ग्रुप उघडला. दादांची पोस्ट होती. ओळीने मांडलेली कलमं, प्रत्येकावर फूल, प्रत्येक फुलाला इरकलीची किनार. फुलाला त्यांनी स्वतःच्या नातीचं नाव दिलं होतं. खाली छापील मराठीत लिहिलं होतं: किंमत अमुक, घासाघीस करू नये. पार्सल खर्च वेगळा. रक्कम आगाऊ. डबा उघडतानाचा व्हिडिओ बंधनकारक. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

इतकं स्वच्छ, इतकं सोपं. त्यांना येत होतं की हे लिहायला! मला एवढी एकच गोष्ट त्यांनी शिकवली नव्हती.

फोन मांडीवर ठेवून लावला. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच उचलला त्यांनी. मी विचारलं, "दादा, माझं झाड?"

"ताई, त्ये तर मी घेतलं की तुमच्याकडून. पैसे न्हाई का धाडले?"

"ती ओवाळणी होती."

 ते हसले, वाईट हसले असं नाही, लहान मुलाला समजावताना हसतात तसं. "ओवाळनी एवढी असती का ताई?"

मी जमिनीवर बसले. नवरा दुकानातून जेवायला आला तेव्हा मी तिथेच होते. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता सिमेंटची गोणी निघणार. पण तो एवढंच म्हणाला, "मी पुन्याला गेलतो मागं मालासाठी. तवाच भोचकाला बघून यायला पायजे होतं." आणि ताट त्याने स्वतःच वाढून घेतलं.

ग्रुपवर मी लिहिलं. भांडले नाही, झालं तसं लिहिलं. ग्रुप चालवणाऱ्याने उत्तर दिलं, आपसातले व्यवहार कृपया इथे नकोत. दोघीतिघींनी मला खासगीत हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि त्यातल्याच एकीने संध्याकाळी दादांना लिहिलं, माझं एक पक्कं. कलमं दोन दिवसांत संपत आली. त्या लोकांचा मला दादांपेक्षा जास्त राग आला. त्यांना फूल हवं होतं, बस्स.

आणि फूल मलाही हवं होतं. गच्चीवरची ती जागा मी रिकामी ठेवली होती, तडकलेली बादली अजून तिथेच होती. शेवटी मी ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहिलं: एक मला. दादांनी तिथेच उत्तर दिलं, तेही सगळ्यांसमोर: "ताई, आपल्याला पार्सल खर्च माफ." त्याखाली लोकांनी हृदयं टाकली. दादांचं मन केवढं मोठं!

मी कलमाची पूर्ण किंमत पाठवली. मग पार्सलाचे पैसे वेगळे पाठवले. खाली लिहिलं, दोन्ही रकमा मिळाल्याचं कळवावं. तोपर्यंत मी आयुष्यात कुणाला असं वाक्य लिहिलं नव्हतं.

डबा आला. नवऱ्याने फोन धरला आणि मी नियमाप्रमाणे व्हिडिओत डबा उघडला. पॅकिंगमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. मुळं कोरडी, फांद्यांत कागदाचे बोळे, बुंध्याला कापडाचा पट्टा. माझीच पद्धत. म्हणजे त्यांची, त्यांनीच मला शिकवलेली. कलम कुठल्या तरी दुसऱ्याच झाडाच्या सरळसोट खुंटावर बांधलेलं होतं. मी ते तडकलेल्या बादलीत लावलं. ते काही फटीकडे वळलं नाही, सरळच उभं राहिलं.

पाऊस उघडल्यावर त्याला फूल आलं. तीच किनार. शेजारीण वर आली होती, ती म्हणाली, "अगं बाई, हे तर तुझंच की." मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. फूल माझं होतं, पण माझा भोचक नव्हता. तो वाकडा बुंधा, बोटभर होता तेव्हापासून मी पाहिलेला, पुण्यात दादांच्या शेडमध्ये भिंतीकडे बघत बसला होता.

शेजारणीला खाली पाठवलं आणि दादांना फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हटलं, "मूळ झाड मला विकत द्या. किंमत तुम्ही सांगा, मी घासाघीस करणार नाही. पार्सल खर्च माझा. पैसे आधी पाठवते. वाटेत मेलं तरी तुमची जबाबदारी नाही."

एका दमात म्हटलं सगळं. कुठे अडखळले नाही. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ते गावाकडच्या आवाजात, अगदी मायेने म्हणाले, "त्ये न्हाई ताई विकायचं. किती बी द्या. तुमची आठवन हाय ती."