आमच्या गटाचा चेअरमन

कामाला हात न लावता कामाने दमून जाण्याची विद्या आमच्या गटाच्या चेअरमनएवढी कुणालाच साधलेली नाही. नववीच्या त्या एका वर्षात त्याने मला जेवढा मनस्ताप दिला, तेवढा पुढे संसारातही कुणी दिला नाही. गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावाकडे त्या वर्षी पावसाने पोळ्याच्या आधीच पाठ फिरवली होती. शाळेच्या टाकीत टँकरचं पाणी यायचं. विज्ञानाच्या बाईंनी ठरवलं की या वेळी विज्ञान, गणित, भूगोल आणि मराठी असे चार विषय मिळून एकच प्रकल्प करायचा. खालच्या वर्गातली मुलं खिचडीची ताटं धुतात, ते पाणी गाळून घ्यायचं आणि त्यावर परसबाग लावायची. गटात आम्ही चौघं होतो. मी, सुरेखा, दत्ता आणि हा. बाई म्हणाल्या, "कामं वाटून घ्या." हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आधी संस्था स्थापन करू, मग कामं." चेअरमनपदासाठी त्याने स्वतःचंच नाव सुचवलं आणि दत्ताचं अनुमोदन गृहीत धरलं. दत्ता तेव्हा पाणी प्यायला बाहेर गेला होता.

हे खूळ घरातूनच आलेलं. त्याचे वडील गावच्या दूध संस्थेच्या निवडणुकीला दर वेळी उभे राहत आणि दर वेळी पडत. पडले तरी सभा मात्र एक चुकवत नसत, आणि हा लहानपणापासून चिवड्याच्या आशेने त्यांच्यामागे जायचा. चिवडा खाता खाता सभेची सगळी भाषा त्याच्या अंगात मुरली. शाळेच्या शर्टावर तो वडिलांचं जाकीट चढवून यायचा, ते त्याच्या मांड्यांपर्यंत लोंबायचं. दोन मुली आणि एक मुलगा एवढ्यांपुढे तो "सभासद बंधू-भगिनींनो" अशी सुरुवात करायचा. लघवीला जायचं असलं तरी "सभा थोडा वेळ तहकूब" म्हणून जायचा. मुरमाड जमिनीत मी आणि सुरेखाने हाताला फोड येईपर्यंत खड्डा खणला. हा मागे हात बांधून बांधावर येरझाऱ्या घालत होता, आणि संध्याकाळी घाम पुसत म्हणाला, "आज लई काम झालं." घाम कशाचा होता ते मला आजही कळलेलं नाही. मी कुदळ त्याच्यापुढे धरली तर म्हणाला, "चेअरमननी कुदळ मारली तर देखरेख कुनी करायची? इचार कर."

त्याहून संताप यायचा तो याचा, की त्याचे चाळे कधीकधी फळाला यायचे. एकदा त्याने टँकरच्या ड्रायव्हरचा सत्कार करायचा ठराव मांडला. मी विरोध नोंदवला. त्याने तो नोंदवून घेतला आणि आईची शाल आणून ड्रायव्हरच्या खांद्यावर घातली. नारळ न मिळाल्यामुळे हातात एक कांदा दिला. त्या बापड्याला आयुष्यात कुणी शाल घातली नसावी. तो बराच वेळ कांदा धरून उभा राहिला, आणि त्या दिवसापासून टाकी भरून झाली की पाइपात उरलेलं पाणी आमच्या मेथीच्या वाफ्यात सोडू लागला. चेअरमन आठवडाभर माझ्याकडे बघून नुसता हसत होता.

खरं काम सुरेखाचं होतं. फुटक्या माठात खडी, वाळू आणि कोळशाचे थर लावून तिने गाळण बसवलं. पहिल्यांदा खालून शाईसारखं पाणी आलं तेव्हा चेअरमन म्हणाला, "संस्था अडचणीत हाय, सभासदांनी धीर धरावा."  सुरेखाने कोळसा धुऊन पुन्हा थर लावले, आणि पाणी नितळ आलं. दिवाळी झाली आणि तिचे आईवडील ऊसतोडीला निघाले. ती पण त्यांच्याबरोबर ट्रकने जाणार होती. बाई म्हणाल्या, "तिघं उरलात, चालवून घ्या." जणू गटातून एखादी बादली कमी झाली होती. मी जळफळत घरी आले. चेअरमनने मात्र तातडीची सभा घेतली आणि सुरेखाने जाऊ नये असा ठराव एकमताने मंजूर केला. मी विचारलं, "ठरावानं ट्रक थांबतो का?" तो म्हणाला, "सांगून तर बघू."

जाकीट घालून तो आम्हाला तिच्या घरी घेऊन गेला. अंगणात तिचे वडील भांडी पोत्यात भरत होते.

"मामा, सुरेखा आमच्या संस्थेची सचिव हाय," तो म्हणाला. "सचिव गेली तर संस्था बुडती."

ते हसले, पण चांगलं हसले. "अन् तिकडं आमी दोघं फडात गेल्यावर धाकट्याला कोन संबाळनार, पोरा? तुमची संस्था का?"

याला उत्तर देणारा ठराव त्याच्याकडे नव्हता.  सुरेखा दारातून म्हणाली, "कोळसा बदलत जा रे." दुसऱ्या दिवशी ट्रक गेला.

बाईंनी तिच्या जागी दुसरा मुलगा दिला. चेअरमनने त्याला परत पाठवलं. "पद रिकामं न्हाई," एवढंच म्हणाला. पुढे तालुक्याच्या प्रदर्शनात आमचा प्रकल्प गेला. मी चारही विषयांची उत्तरं घोकून गेले होते. परीक्षक माठापुढे थांबले आणि त्यांनी विचारलं, "हे कसं केलं, सांगा." मी तोंड उघडणार तेवढ्यात हा पुढे झाला. "हे आमच्या सचिवांचं काम हाय, सर. त्या उसाला गेल्यात. आल्यावर त्यांना इचारा." परीक्षकांना तो उद्धटपणा वाटला. ते पुढच्या टेबलाकडे गेले आणि बक्षीसही तिकडेच गेलं.

परतताना टेम्पोत मी त्याला फाडून खाल्लं. "तुला बोलायचं नव्हतं तर मला तरी बोलू द्यायचं. कावून आडवा आलास?"

तो बाहेर बघत म्हणाला, "तू चांगलंच बोलली असतीस. मंग गाळन आपलंच झालं असतं."

 गाव आलं तरी माझा राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढायचा ते कळेनासं झालं होतं.

सुरेखा उन्हाळ्यात परत आली तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. आम्ही दहावीत गेलो, ती पुन्हा नववीत बसली. पुढच्या दिवाळीला तिच्या आत्याने धाकट्याला ठेवून घेतलं म्हणून ती गावात राहू शकली, पण एका वर्गाचं अंतर पडलं ते पडलंच. शाळा सुटली की आम्ही तिघं पुढे निघायचो आणि ती मागून यायची, नव्या वर्गातल्या मुलींमध्ये न मिसळता, एकटी. ओढ्याच्या पुलाशी आलं की चेअरमन खाली वाकायचा आणि चपलेचा अंगठा निघाला म्हणायचा. रोज त्याच जागी कुणाची चप्पल तुटते का? मी चिडून तसं विचारायचे, आणि पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहायचे. सुरेखा हळूहळू जवळ यायची. ती पोचली की त्याची चप्पल नीट व्हायची, आणि आम्ही चौघं पुढे चालू लागायचो.